दुसरी प्रत

‘बॅकअप’ हा शब्द आमच्या वसई भागातील घरांत प्रथम शिरला तो इन्व्हर्टरच्या बॅटरीबरोबर. भारनियमन ऐन भरात होते, त्या काळात कोणाच्या घरी भेटीस गेलो की यजमान अभिमानाने सांगत, “फादर, चार तासांचा बॅकअप आहे.” त्यामुळे आजही एखाद्या कुटुंबाला आम्ही विचारले, “तुमच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेता का?” तर हमखास उत्तर येते, “आहे ना, टेबलाखाली यूपीएस ठेवलाय.” दिवे गेल्यावर यंत्र दहा मिनिटे चालू ठेवणारा तो डबा उपयोगाचा आहे, यात वाद नाही. परंतु यंत्र चालू राहणे वेगळे आणि त्या यंत्रात माणसाने जे साठवून ठेवले ते टिकून राहणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत, असे गेले काही महिने आमच्या मनात घोळत आहे.

धर्मगुरूने कॉम्प्युटरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वास्तविक पॅरिश कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूचा अर्धा दिवस दाखले, नोंदी आणि प्रती यांतच जातो. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले गेले. टंकलेखन मात्र आम्ही पहिल्या नेमणुकीत, सणाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने, रात्री जागून शिकलो. तेव्हापासून या यंत्राशी आमचा जो स्नेह जडला तो आजतागायत टिकून आहे. आणि घरभेटीस जातो तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर, क्रोशाच्या विणलेल्या झाकणाखाली, पंधरा-पंधरा वर्षांचा जुना कॉम्प्युटर दिसला की आम्हांला त्या यंत्राहून त्याच्या पोटात काय आहे याचीच अधिक काळजी वाटते.

कारण त्याच्या पोटात काय नसते? डिजिटल कॅमेरे नवे होते त्या वर्षांतली लग्नाची आणि प्रथम कम्युनियनची छायाचित्रे, वाडीच्या वाटणीचे कागद, पतपेढीचे हिशेब, नाताळात बसवलेल्या नाटुकल्या, परदेशी मुलाला लिहिलेली पत्रे. हे सारे एका हार्ड डिस्कवर असते. या डिस्कच्या आत धातूची किंवा काचेची गुळगुळीत चकती असते; टेबलावरच्या यंत्रात ती सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या सहस्रांश अंतराहूनही जवळ तरंगत असते. असे नाजूक यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते हाच त्याचा मोठेपणा. ते एके दिवशी थांबणार हे ठरलेलेच आहे. कोणत्या दिवशी, एवढेच ठाऊक नसते.

प्रतीचे महत्त्व आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात, रायतूर येथे, रोमन लिपीत छापले गेले; १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरीही हे महाकाव्य आपल्या हाती आहे, कारण कोणा भाविकांनी ते हाताने उतरवून ठेवले होते. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुनश्च प्रकाशित केले. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत तर लंडनला जाऊन पोचली होती. छापखान्याने तीनदा दिलेले काळाने तीनदा नेले, आणि कोणा निनावी लेखकूच्या बोरूने ते राखले. ज्यांनी प्रती केल्या त्यांतल्या किती जणांना आपण फार मोठे काम करीत आहोत असे वाटले असेल, कोण जाणे.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही ही दृष्टी होती. १९१७ च्या कॅनन संहितेच्या ४७० व्या कलमानुसार प्रत्येक पॅरिश प्रिस्टने वर्षाच्या अखेरीस स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू इत्यादी नोंदवह्यांची अधिकृत प्रत बिशपांच्या कचेरीत पाठवायची असे. कुटुंबांची वही तेवढी वगळलेली. मूळ वही चर्चमध्ये, दुसरी प्रत दूर दुसऱ्या इमारतीत. आजचे संगणकतज्ज्ञ ज्याला ‘ऑफसाइट बॅकअप’ म्हणतात, तो याहून वेगळा काय आहे? फरक इतकाच की तेव्हा ते काम बोटे दुखेपर्यंत लिहून होत असे, आणि आता एकदा नीट बसून सॉफ्टवेअरला सांगून ठेवावे लागते. हे ‘एकदा नीट बसून’ मात्र बहुतेक घरांत राहून जाते.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आम्हीही तसेच म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी एक छंद घेतला. गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन ते लग्नातली जुनी गाणी टेपरेकॉर्डरवर घेत. हळदीची गाणी, मांडवाची, नवरी निघतानाची. आपल्या बोलीतली, ज्यांतले निम्मे शब्द आजच्या मुलांना परके वाटतात अशी. पुढे त्यांनी त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि प्रत्येक गाणे ऐकत ऐकत मराठीत टंकित केले. चाळीस कॅसेटी होत्या. मूळ कॅसेटींना दोन-तीन पावसाळ्यांतच बुरशी लागली आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. गाणाऱ्या बायांपैकी आता कोणी हयात नाही. मास्तरही गेले. मुलगा कुवेतला, मुलगी नालासोपाऱ्याला. घरी मास्तरीणबाई एकट्या.

गेल्या पावसाळ्याआधी त्या कचेरीत आल्या. म्हणाल्या, “फादर, मुलगा म्हणतो, आई, तो डबा आता भंगारवाल्याला देऊन टाक. त्याच्यात ह्यांची गाणी आहेत. मुलगा म्हणतो, बॅकअप आहे, मी मागे लावून दिला होता. पण माझा जीव होत नाही.”

“मावशी,” आम्ही म्हटले, “जीव होत नाही तोवर देऊ नका. आधी आम्ही येऊन बघतो.”

यंत्र २०१० साली जोडून घेतलेले, विंडोज ७ चे. मुलाचे म्हणणे खरे होते. सुट्टीवर आला असताना त्याने एक बाहेरची हार्ड डिस्क आणून बॅकअप सुरू करून दिला होता आणि पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ अशी तारीखवार ग्वाहीही दिसत होती. आम्ही आमच्या युवा संघातल्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलाला बरोबर नेले होते. त्याला म्हटले, ग्वाही राहू दे, गाणे काढून दाखव. त्याने बॅकअपमध्ये शोधले. मास्तरांची पत्रे निघाली, नातवंडांचे फोटो निघाले, वीजबिलांचा तक्ताही निघाला. गाणी नव्हती. एकही नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते अनेक घरांत लागू पडेल. विंडोज ७ मधला बॅकअप लावताना तो विचारतो, काय काय घ्यायचे ते विंडोजला ठरवू द्यायचे की तुम्ही ठरवणार? सहसा माणूस पहिला पर्याय घेतो, आणि त्यात वावगे काही नाही. मग विंडोज डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी नेहमीची फोल्डरे घेते. मास्तरांची गाणी होती ‘डी’ ड्राइव्हवर. त्यांच्या आधीच्या, विंडोज ९८ च्या काळातल्या यंत्राची ४० जीबीची डिस्क काढून दुकानदाराने नव्या डब्यात तशीच बसवून दिली होती, आणि मास्तर सवयीने तिच्यावरच काम करीत राहिले. त्यातून ती डिस्क ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेली. विंडोज ७ चा हा बॅकअप फॅट पद्धतीच्या डिस्कवरच्या फाइली घेतच नाही; तुम्ही स्वतः निवडायला गेलात तरी नाही. सॉफ्टवेअर खोटे बोलत नव्हते. जेवढे घ्यायचे त्याला ठाऊक होते तेवढे त्याने यशस्वीपणे घेतले होते.

मास्तरीणबाई पदराला हात पुसत मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “म्हणजे गेलं का?” आम्ही म्हटले, “नाही, अजून ह्याच डब्यात आहे.” परंतु डब्यातून ‘कट्… कट्’ असा आवाज येत होता, आणि तो आवाज ज्याने एकदा ऐकला आहे त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

अशा वेळी पुष्कळ जण घाईने सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि संपूर्ण डिस्कचा बॅकअप सुरू करतात. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. आजारी डिस्कला सर्वांत मोठे ओझे प्रथम उचलायला लावू नये. जे जगात दुसरीकडे कोठेही नाही ते आधी हाताने काढून घ्यावे. विंडोज काय, इतर सॉफ्टवेअर काय, ते पुन्हा मिळते. म्हणून त्या दिवशी आम्ही बॅकअपला हातच लावला नाही. त्या मुलाने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाची छोटी मोफत उपयुक्तिका पेन ड्राइव्हवर आणली होती. ती डिस्कने स्वतःविषयी राखलेली नोंद वाचून दाखवते. तिने पिवळी खूण दाखवली, म्हणजे काही जागा खराब होऊन डिस्कने त्या बदलून घेतल्या होत्या. तेवढे कळणे पुरेसे होते.

मग ३२ जीबीच्या दोन पेन ड्राइव्हवर गाणी उतरवण्यास आरंभ केला. एका मिनिटाच्या ध्वनीला, तो न दाबता साठवला तर, सुमारे १० एमबी लागतात; म्हणजे तासाच्या एका कॅसेटला ६०० एमबी आणि चाळीस कॅसेटींना २४ जीबी. नव्या यंत्राला हा घास क्षुल्लक आहे. या यंत्राला यूएसबीची जुनी, दुसऱ्या आवृत्तीची जोडणी आणि त्यात डिस्क दमेकरी. मुलाने साधी कॉपी न करता विंडोजमध्येच असलेली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरली, कारण एखादी फाइल वाचता आली नाही तर ती सोडून पुढे जाण्यास तिला सांगता येते. न सांगितल्यास मात्र तिचा स्वभाव विलक्षण आहे. अडलेल्या फाइलसाठी ती दर तीस सेकंदांनी एक याप्रमाणे दहा लाख वेळा प्रयत्न करते. आम्ही तेथेच बसून हिशेब केला, तर तो जवळपास साडेअकरा महिन्यांचा भरला. इतका धीर आम्ही फार थोड्या संतांत पाहिला आहे. दोनच प्रयत्न करण्यास तिला बजावले आणि चहा घेतला.

एकोणचाळीस कॅसेटी उतरल्या. सतरा क्रमांकाची उतरली नाही. पुन्हा प्रयत्न केला, यंत्र थंड होऊ दिले, पुन्हा केला. त्या कॅसेटीतल्या गाण्यांचे शब्द मास्तरांनी टंकित केलेले आहेत, ते आले. आवाज आला नाही. मास्तरीणबाईंनी वही काढून पाहिले, सतराव्या कॅसेटीत कोण गायले होते. त्यांच्याच सासूबाई होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली आणि आमच्यासाठी केळी आणावयास आत गेल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो तो खऱ्या अर्थाने बॅकअप लावून देण्यास. वाचक विचारतील, गाणी तर हाती आली, मग जुन्या यंत्राचे लाड कशाला? कारण असे की मास्तरांनी जे टंकित केले ते युनिकोडमध्ये नाही. त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरांत देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात असला तर पडद्यावर मराठी दिसते. नसला तर त्याच फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी दिसते. आम्ही कचेरीतल्या नव्या यंत्रावर एक फाइल उघडून पाहिली. नवरीच्या हळदीचे गाणे एखाद्या गुप्त लेखासारखे दिसले. मराठी घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फाइलची प्रत म्हणजे मजकुराची प्रत असे आपल्याकडे नेहमीच होत नाही. फॉन्टचीही प्रत हवी. आणि फॉन्ट राहतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, जेथे फाइलींचा बॅकअप शिरत नाही. मास्तरांचे सॉफ्टवेअर तर मागे एक कुलूपवजा खुंटी लावल्याखेरीज उघडतही नव्हते. असे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चढवणे जिकिरीचे असते, म्हणून जुने यंत्र आहे तसे, सगळेच्या सगळे, जपणे भाग होते.

आधी डबा उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढली. मदरबोर्डवर बटणासारखा चपटा सेल असतो, तो संपलेला होता. त्यामुळे यंत्र दर वेळी सुरू होताना स्वतःला कित्येक वर्षे मागच्या तारखेत समजे. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, परंतु बॅकअपचे सारे गणित तारखेवर चालते. कोणती फाइल नवी, कोणती बदललेली, आज बॅकअपचा वार आहे की नाही, हे सर्व घड्याळ पाहूनच ठरते. घड्याळ चुकीचे असेल तर चांगले सॉफ्टवेअरही चकते. तो सेल साध्या दुकानात अल्प किमतीत मिळतो आणि नखाने बसवता येतो. जुन्या यंत्रावर बॅकअप लावण्याची खरी पहिली पायरी हीच, असे आम्ही म्हणू.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर मुलाने बरीच माहिती जमवली होती. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीची पुष्कळ जण अजूनही शिफारस करतात. परंतु ती आवृत्ती निर्मात्यांनी निवृत्त केली आहे. क्लाऊडवर ठेवावे, असाही एक विचार होता. पण विंडोज ७ चा सुरक्षा-पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. क्रोम ब्राउझरसुद्धा फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० व्या आवृत्तीपासून त्यावर चालत नाही. असे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दाराला कडी नसताना जत्रेला जाणे. आम्ही इंटरनेटची वायरच काढून टाकली. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. रोजच्या फाइलींसाठी विंडोजमधलाच बॅकअप, कारण तो मास्तरीणबाईंच्या यंत्रात आहेच, आणि त्याच्या प्रती साध्या झिप फाइलींत राहतात. उद्या हे यंत्र मेले तरी दुसऱ्या यंत्रावर त्या हाताने उघडता येतात. आणि संपूर्ण यंत्राच्या जशाच्या तशा प्रतीसाठी क्लोनझिला, जे तैवानच्या एका राष्ट्रीय संगणक केंद्रात तयार झाले, मोफत आहे, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होत असल्याने यंत्रात बसवावेही लागत नाही. त्याचा चेहरा रुक्ष आहे. काळ्या-निळ्या पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न. पण त्याला फॅट काय, एनटीएफएस काय, दोन्ही सारखेच.

त्यात एक प्रश्न मात्र जपून वाचावा. प्रत कोठून घ्यायची आणि कोठे ठेवायची हे तो विचारतो, तेव्हा डिस्कची नावे आणि आकार दोनदा वाचून मगच होकार द्यावा. घाईच्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

१ टीबीची नवी बाहेरची डिस्क मुलाने कुवेतहून पैसे पाठवून घेतली. अधिक मोठी घेऊ नका, असे आम्हीच सांगितले. जुन्या यंत्रांना दोन टीबीपलीकडच्या डिस्कशी जमवून घेताना त्रास होतो. गाण्यांचे फोल्डर आम्ही ‘डी’वरून काढून डॉक्युमेंट्समध्ये आणले, त्यातच एक ‘फॉन्ट’ नावाचे फोल्डर करून मराठी फॉन्टच्या प्रती ठेवल्या, आणि या वेळी काय घ्यायचे ते विंडोजला न ठरवू देता स्वतः खुणा करून ठरवले. बॅकअपचा वार मूळचा रविवार संध्याकाळी सात असा नेमलेला असतो. कोणा परदेशी इंजिनिअरने तो सोयीचा मानला असेल. आमच्याकडे त्या वेळी मास्तरीणबाई रोझरीला बसलेल्या असतात आणि यंत्र बंद असते. आम्ही शनिवार सकाळी दहा केले. पहिल्या पूर्ण बॅकअपला तीन तास लागले. पुढचे दहा मिनिटांत होतात, कारण मग बदललेले तेवढेच घेतले जाते.

त्यानंतर आम्ही मास्तरीणबाईंना खुर्चीवर बसवले आणि म्हटले, “मावशी, आता तुम्ही स्वतः एक गाणे परत काढा.” त्यांनी माऊसला कधी हात लावला नव्हता. मुलगा शेजारी उभा राहून सांगत होता. मूळ जागी न आणता वेगळ्या फोल्डरात आणायचे, एवढी एकच गोष्ट त्याने त्यांच्याकडून घोटून घेतली. तेवीस क्रमांकाची कॅसेट परत आली, उघडली आणि वाजली. एका बाईचा घोगरा आवाज, मागे कोंबड्याचे आरवणे, आणि मध्येच मास्तरांचे खाकरणे. फाइल उघडून, ऐकून, वाचून पाहिल्याखेरीज बॅकअप झाला असे आम्ही आता कोणालाही म्हणू देत नाही, आणि कचेरीतही हाच नियम आहे.

काम झाल्यावर डिस्क यंत्राला लावून ठेवू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातली यंत्रे बंद पाडली, त्यांत बहुतांश विंडोज ७ ची होती; असला विषाणू जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. बॅकअप झाला की डिस्क काढावी, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. फोल्डरे एकमेकांशी जुळवत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला बॅकअप समजू नये, हेही येथेच सांगतो. इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते.

आणि दोन्ही प्रती एकाच कपाटात नकोत. पीटर क्रोह नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम तीन-दोन-एक असा मांडला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते ज्यांनी अनुभवले, आणि २०१८ च्या जुलैत आपल्या वसईत पाणी भरले ते ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना घराबाहेरच्या प्रतीचे कारण समजावण्याची गरज नाही. मास्तरांच्या यंत्राची क्लोनझिलाने घेतलेली प्रत मुलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर आहे. गाण्यांचा एक पेन ड्राइव्ह पॅरिश कचेरीच्या कपाटात, दुसरा कुवेतला.

कचेरीच्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे कुटुंबांची खाजगी माहिती असते, म्हणून तेथील प्रत सांकेतिक कुलुपात ठेवावी लागते. परंतु आम्हां धर्मगुरूंच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात, आणि पासवर्ड जर एकाच फादरांच्या डोक्यात असेल तर बदलीच्या सामानाबरोबर तोही जातो. आम्ही तो कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवला आहे आणि नोंदवहीत तसे लिहिले आहे. घरीही कर्त्या माणसाने हे करावे. नवऱ्याचा पासवर्ड ठाऊक नसल्याने नातवंडांचे फोटो पाहू न शकलेल्या दोन विधवा भगिनी आमच्या माहितीत आहेत.

मास्तरीणबाईंच्या यंत्राशेजारी भिंतीवर आता एक पुठ्ठा लावलेला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत डिस्क कशी लावावी, कशी काढावी हे लिहिले आहे, आणि खाली तारखांचे रकाने. त्या दर शनिवारी तारीख घालून पुढे बरोबरची खूण करतात; तीन महिन्यांतून एकदा एक गाणे परत काढून ऐकायचे, त्या रकान्यात गाण्याचा क्रमांक लिहितात. युवा संघाची दोन मुले रविवारी मिस्सानंतर त्यांच्याकडे बसून जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणत आहेत. यंत्राने केलेल्या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ गाण्याशी ताडून पाहावी लागते, आणि बोलीतला शब्द अडला की त्या अर्थ सांगतात. आतापर्यंत अकरा कॅसेटींचे काम झाले आहे. सतराव्या कॅसेटीचे शब्द त्यांनी सर्वांत आधी करून घेतले, आणि त्यातली दोन गाणी, सासूबाईंची चाल आठवेल तशी, स्वतःच्या आवाजात मोबाईलवर घेऊ दिली. ती फाइलही आता शनिवारच्या बॅकअपमध्ये जाते.